‘क्लासिकल’ची पार्श्वभूमी : रोमच्या धनिकांपासून भाषेच्या दर्जापर्यंत

संगीत असेल तर शास्त्रीय, भाषा असेल तर अभिजात, अर्थशास्त्र असेल तर सनातनपंथी. ‘क्लासिकल’ या एकाच शब्दासाठी आपण इतके पर्याय वापरतो, कारण मूळ शब्दच बरीच वळणं घेत इथवर आला आहे. ज्यांना आज क्लासिकल म्हटलं जातं, त्यांना हे नाव बहुधा मागाहून आलेल्यांनी दिलं, आणि तेही अनेकदा कोणापासून तरी वेगळं दाखवण्यासाठी.

शब्दाचा उगम मालमत्तेच्या मोजणीत आहे. परंपरेनुसार इ.स.पू. सहाव्या शतकात राजा सर्व्हियस टुलियसने रोमच्या नागरिकांचे संपत्तीप्रमाणे पाच वर्ग पाडले. वर्ग म्हणजे लॅटिनमध्ये ‘क्लासिस’. पण ‘क्लासिकस’ म्हणायचे ते फक्त पहिल्या वर्गातल्या धनिकांना, बाकीचे ‘वर्गाखालचे’. आणि ज्यांच्यापाशी संततीखेरीज काहीच नाही, ते ‘प्रोलेटेरियस’.

हा शब्द लेखकांना कधी लागला? इ.स.च्या दुसऱ्या शतकात रोमन लेखक ऑलस गेलियसने एका चर्चेची हकिकत लिहून ठेवली आहे. वाद व्याकरणाचा होता: वाळू या अर्थाचा लॅटिन शब्द अनेकवचनात वापरावा का? सम्राट मार्कस ऑरेलियसचा गुरू फ्रंटो सांगतो की, जुन्या वक्त्यांपैकी किंवा कवींपैकी कोणी तसं लिहिलंय का ते शोधा. मात्र तो लेखक ‘क्लासिकस’ हवा, ‘प्रोलेटेरियस’ नको. लेखकासाठी हा शब्द वापरल्याचा सर्वात जुना ज्ञात दाखला हाच. श्रीमंतीची उतरंड इथे जशीच्या तशी भाषेत आली, आणि तिच्यासोबत जुनेपणाची अटही. पुढच्या सगळ्या अर्थांची बीजं मला या एका प्रसंगात दिसतात.

प्रबोधनकाळानंतर युरोपात हे विशेषण ग्रीक आणि रोमन वाङ्मयाला चिकटलं. ग्रीसच्या इतिहासात साधारण इ.स.पू. 480 ते 323 हा ‘क्लासिकल’ कालखंड मानतात. 18व्या शतकात जर्मन कला-इतिहासकार विंकेलमनने ग्रीक कलेत उदात्त साधेपणा आणि शांत भव्यता पाहिली, आणि संयम, प्रमाणबद्धता हे गुणही या शब्दाच्या पोटात शिरले. ते ग्रीक पुतळे मुळात भडक रंगांत रंगवलेले असत, हे मात्र लोकांच्या मनातल्या चित्रात आजही क्वचितच असतं.

संगीतातली गोष्ट तर फारच बोलकी आहे. हायडन, मोझार्ट आणि बेथोव्हन ही आज पाश्चात्य संगीताच्या ‘क्लासिकल’ कालखंडाची, म्हणजे ढोबळमानाने 1750 ते 1820ची, ठळक नावं. पण 1810 साली बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीवर लिहिताना जर्मन लेखक आणि समीक्षक ई. टी. ए. हॉफमनने या तिघांनाही ‘रोमँटिक’ म्हटलं होतं! त्या वेळी मोझार्ट आणि हायडन हयात नव्हते, बेथोव्हन होता. पुढे शूमान, बर्लिओझ, लिस्ट यांची पिढी आली, ‘रोमँटिक’ हे नाव तिच्याकडे गेलं, आणि आधीचे तिघे क्लासिकल ठरले. एकही स्वर न बदलता बिरुद बदललं. रोजच्या बोलण्यात तर ही कालमर्यादाही गळून पडते आणि लोकप्रिय संगीताहून वेगळी अशी सगळी गंभीर परंपरा ‘क्लासिकल’ होते.

अर्थशास्त्रात हे नाव मार्क्सने रूढ केलं. त्याच्या लेखी ही परंपरा इंग्लंडात विल्यम पेटीपासून रिकार्डोपर्यंतची. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सने 1936मध्ये त्याच नावाखाली आपल्या समकालीन पिगूलाही बसवलं, कारण जो विचार केन्सला खोडून काढायचा होता, तो पिगूपर्यंत पोचत होता. भौतिकशास्त्रात पुंज (क्वांटम) सिद्धांत आल्यावर न्यूटनची यामिकी, म्हणजे गतीचं शास्त्र, अभिजात झाली. इतकंच काय, पुंजवादाच्या तुलनेत आइन्स्टाइनचा 1915चा व्यापक सापेक्षता सिद्धांतही अभिजातच गणला जातो. इथे या शब्दाचा वयाशी किंवा श्रेष्ठतेशी संबंध नाही. ‘पुंज नसलेलं’ एवढाच अर्थ.

भारतात या शब्दाला प्रशासकीय अर्थ मिळाला. 2004मध्ये केंद्र सरकारने तमिळला अभिजात भाषा म्हटलं, तेव्हा प्राचीनतेची अट हजार वर्षांहून अधिक होती. पुढच्याच वर्षी ती 1500 ते 2000 वर्षांवर नेली गेली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या पाच भाषांना हा दर्जा मिळाला आणि यादी अकरावर गेली.