सतरा नंबरचा फॉर्म आणि मोठ्या वयातली दहावी: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

पोलीस पाटलाची जागा निघाली की गावात पहिला प्रश्न असतो, दहावी झालीय का? अंगणवाडी मदतनीस व्हायचं तर आता बारावी लागते. आखाती देशात कामाला जाणाऱ्याच्या पासपोर्टवर दहावी नसल्यामुळे ईसीआरचा शिक्का बसतो आणि इमिग्रेशन क्लिअरन्सची, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधीच्या सरकारी परवानगीची, वेगळी कटकट मागे लागते. शिपायाची बढती अडते, बचत गटातून पुढे येऊन काही करू पाहणाऱ्या बाईचा अर्ज अडतो. शाळा आठवी-नववीत सुटली आणि आता वय तीस, चाळीस, पन्नास. अशांना वर्गात परत जाऊन बसावं लागत नाही. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी दोन सरळ रस्ते आहेत. एक म्हणजे राज्य मंडळाची दहावी खाजगी विद्यार्थी म्हणून देणं, ज्याला सगळेच ‘सतरा नंबरचा फॉर्म भरणं’ म्हणतात. दुसरा म्हणजे केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस. वयाची वरची मर्यादा दोन्हीकडे नाही.

‘यातलं सोपं कुठलं?’ असं लोक विचारतात. माझ्या मते आधी वेगळी गोष्ट बघायला हवी: तुमचा शाळा सोडल्याचा दाखला कुठे आहे आणि त्यावर काय लिहिलंय. रस्ता त्यावरून ठरतो. क्लासवाला किंवा एजंट हे सांगत नाही, कारण त्याला फॉर्म भरून घ्यायचा असतो.

आधी दाखला हातात घ्या

सतरा नंबरसाठी मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो. झेरॉक्स चालत नाही. तो हरवला असेल तर ज्या शाळेत शेवटचं शिकलात तिथल्या मुख्याध्यापकांकडे अर्ज करून द्वितीय प्रत काढायची आणि मूळ दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तुमची नोंद असते. रजिस्टर नंबर माहीत नसला तरी प्रवेशाचं साधारण वर्ष सांगता आलं की कारकुनाला शोधता येतं. शाळाच बंद पडली असेल तर प्राथमिक शाळेच्या दप्तराची चौकशी पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात करावी. या कामाला वेळ लागतो, त्यामुळे अर्जाच्या तारखा जाहीर होईपर्यंत थांबू नका.

दाखला मिळाला की नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि जात या चार ओळी नीट वाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि प्रमाणपत्रावर तुमची ओळख या दाखल्यावरूनच उतरते, आणि पुढे आयुष्यभर जन्मतारखेचा पुरावा म्हणून दहावीचंच प्रमाणपत्र पुढे करावं लागतं. आपल्याकडे एका पिढीतल्या निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला का असतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे: जन्मनोंद नव्हती, गुरुजींनी शाळेत घेताना तारीख टाकली. आधारवर वेगळी आणि दाखल्यावर वेगळी तारीख असेल, तर त्याचा विचार आत्ताच करा. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदीत माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे सहसा बदल होत नाही. उघड दिसणारी लेखनातली चूक असेल तरच शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने दुरुस्ती होते. त्यामानाने आधार दुरुस्त करून दाखल्याशी जुळवणं बरंच सोपं असतं.

लग्न झालेल्या बायकांची अडचण याहून मोठी. दाखल्यावर माहेरचं नाव, आधार-रेशनकार्डावर सासरचं. इथे बऱ्याचजणी घाईघाईने अर्जात सासरचं नाव टाकतात आणि मग तपासणीत कागद जुळत नाहीत. अर्ज दाखल्यावरच्या नावाने भरावा. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, हे दाखवायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी जवळ ठेवावी. दहावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं आलं म्हणून नोकरी अडत नाही. जोडणारा कागद नसला की अडते.

सतरा नंबर: पात्रता आणि अर्ज

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीला खाजगीरीत्या बसायचं तर किमान पाचवी उत्तीर्ण असावं लागतं. बारावीसाठी दहावी उत्तीर्ण आणि मध्ये दोन वर्षांचं अंतर. मोठ्या माणसांना या अंतराची काळजी नसतेच. पाचवीही झाली नसेल तर राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची समकक्ष परीक्षा आहे. वयाची दहा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ती देता येते. तिथून सुरुवात करता येईल, पण मग एनआयओएसचा विचार जास्त सोयीचा, तो पुढे सांगतो.

नावनोंदणी साधारणपणे पावसाळ्यात सुरू होते आणि त्यातून पुढच्या फेब्रुवारी-मार्चची परीक्षा देता येते. तारखा दरवर्षी मंडळ जाहीर करतं, मुदतीनंतर विलंब शुल्कासह थोडे दिवस मिळतात. अर्ज ऑनलाइनच. मंडळाच्या संकेतस्थळावर दहावी आणि बारावीसाठी फॉर्म १७ चे वेगळे दुवे असतात, ते गोंधळू नयेत. दाखला, आधारकार्ड आणि पासपोर्ट आकाराचा फोटो स्कॅन करून किंवा मोबाइलवर स्वच्छ काढून अपलोड करायचा. ईमेल आणि मोबाइल नंबर बंधनकारक आहेत, आणि ते तुमचेच द्या. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल दिला की पुढचा प्रत्येक निरोप त्याच्याकडे जातो आणि तुम्ही त्याच्या दुकानाचे खेटे घालत बसता.

अर्ज भरताना पत्ता आणि माध्यम टाकलं की संपर्क केंद्रांची, म्हणजे शाळांची किंवा कनिष्ठ महाविद्यालयांची यादी दिसते. त्यातलं एक निवडायचं. ही निवड विचारपूर्वक करा, कारण अर्ज भरल्यावर माध्यम किंवा शाखा बदलता येत नाही, आणि तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक, प्रकल्प असं सगळं काम याच शाळेतून होतं. घराजवळची, एसटीने पोचता येईल अशी शाळा नामांकित शाळेपेक्षा कधीही बरी. नोंदणी शुल्क आणि प्रक्रिया शुल्क ऑनलाइन भरायचं. ते परत मिळत नाही. मग अर्जाच्या छापील प्रती, शुल्काची पावती, हमीपत्र आणि मूळ कागदपत्रं दिलेल्या मुदतीत त्या केंद्रावर नेऊन द्यायची. मूळ दाखला देण्याआधी त्याच्या दोन-तीन साक्षांकित प्रती काढून ठेवा आणि जमा केल्याची पोच मागून घ्या.

आता खरी मेख. कागद तपासून झाले की मंडळाकडून नावनोंदणी प्रमाणपत्र मिळतं. ते हातात पडलं की अनेकांना वाटतं, झालं काम. पण तो परीक्षेचा अर्ज नव्हे. परीक्षेचा अर्ज त्यानंतर संपर्क केंद्रामार्फत वेगळा भरायचा असतो, त्याचं शुल्क वेगळं. त्यामुळे दिवाळीच्या आसपास केंद्रावर चौकशी करत राहा. कधीकधी शाळा खाजगी विद्यार्थ्यांना आवर्जून निरोप धाडत नाही. तिथल्या कारकुनाचा फोन नंबर घेऊन ठेवलेला बरा.

परीक्षा नियमित मुलांचीच. तोच दिवस, तोच पेपर. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं मिळून ६०० गुण, उत्तीर्ण व्हायला साधारणपणे प्रत्येक विषयात ३५. मोठ्या माणसांची गाडी बहुधा गणित आणि इंग्रजीवर अडते. पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. गाइड घ्यायचं असेल तर चालू अभ्यासक्रमाचं आहे का, ते बघा. घरातल्या मोठ्या मुलाचं जुनं गाइड उपयोगी पडेलच असं नाही. दिव्यांग उमेदवारांना लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, पण त्याचा अर्ज प्रमाणपत्रासह आधी करावा लागतो. परीक्षेच्या सकाळी सांगून काही होत नाही.

एनआयओएस कुणाला?

ज्यांना सहा विषय एका दमात झेपणार नाहीत, ज्यांचा दाखला मिळत नाही किंवा जे महाराष्ट्राबाहेर आहेत, त्यांना मी हा रस्ता सुचवेन. ही संस्था केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखालची आहे. १९७९ मध्ये सीबीएसईच्या एका प्रकल्पातून तिची सुरुवात झाली आणि १९८९ मध्ये ती स्वतंत्र झाली. मुख्यालय नोएडाला, आपल्यासाठी प्रादेशिक केंद्र पुण्यात. दहावीला मराठी माध्यम उपलब्ध आहे. बेळगाव, इंदूर, गोवा कुठेही राहणाऱ्या मराठी माणसाला ते घेता येतं.

दहावीसाठी वय १४ पूर्ण हवं आणि आठवीचा दाखला किंवा ‘मला वाचता-लिहिता येतं, अभ्यास करण्याइतकं ज्ञान आहे’ अशी स्वयंघोषणा. म्हणजे औपचारिक शाळेचा कागद नसला तरी दार उघडं आहे. जन्मतारखेचा पुरावा मात्र लागतोच; शिवाय ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दिव्यांगांना शुल्कात सवलत आहे. परीक्षा शुल्क इथेही प्रवेश शुल्कापेक्षा वेगळं, विषयागणिक.

किमान पाच विषय घ्यायचे, त्यात एक किंवा दोन भाषा. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षं चालतो आणि त्या काळात नऊ संधी मिळतात. यंदा दोन विषय, पुढच्या वेळी दोन, मग उरलेला एक, असं करता येतं. वर्षातून दोन सार्वजनिक परीक्षा असतात, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. शेतीची कामं किंवा घरचं आजारपण सांभाळून शिकणाऱ्याला ही सवड फार मोलाची वाटते. आधी राज्य मंडळाची दहावी देऊन काही विषयांत उत्तीर्ण झाला असाल तर त्यातल्या दोन विषयांचे गुण इथे वळते करून घेता येतात. जुनी नापासाची गुणपत्रिका फेकून देऊ नका.

इथला खड्डा विषयनिवडीत आहे. गणित न घेता, इंग्रजी न घेता दहावी होता येते, आणि क्लासवाले नेमकं तेच खपवतात. पण पुढे आयटीआयचा एखादा ट्रेड, नर्सिंग किंवा सरकारी भरतीची जाहिरात विशिष्ट विषय मागते. हरियाणाचे माजी मुख्यमंत्री ओमप्रकाश चौटाला यांचा बारावीचा निकाल दहावीचं इंग्रजी राहिल्यामुळे अडला होता. ऐंशी उलटल्यावर, २०२१ मध्ये त्यांनी तो एक पेपर दिला आणि ८८ गुण मिळवले. ज्या कामासाठी दहावी करताय त्याची जाहिरात आधी मिळवा, त्यात विषयाची अट आहे का ते बघा आणि मगच विषयांवर खूण करा.

आणखी थोडं

मुंबई-पुण्यात राहत असाल तर रात्रशाळेची चौकशी जरूर करा. तिथे तुम्ही नियमित विद्यार्थी असता, शिकवायला शिक्षक असतात आणि गणितासाठी वेगळा क्लास लावावा लागत नाही. सतरा नंबरच्या एकट्याने केलेल्या अभ्यासापेक्षा ते मला केव्हाही बरं वाटतं, फक्त रोज संध्याकाळी जाणं जमायला हवं.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमाची गल्लत पुष्कळ जण करतात. त्यातून विद्यापीठाच्या पदवीला प्रवेश मिळतो, पण हातात दहावी-बारावीचं प्रमाणपत्र येत नाही. जिथे जाहिरातीत ‘बारावी उत्तीर्ण’ लिहिलंय तिथे तो कागद पुढे करून भागणार नाही.

‘दोन महिन्यांत घरबसल्या दहावी, परीक्षा न देता’ अशा जाहिरातींवर मंडळाचं नाव शोधा. तिसरंच, दिल्लीच्या पत्त्याचं, भारदस्त नाव दिसलं तर पैसे देऊ नका. अशा प्रमाणपत्रांची पडताळणी नोकरी लागल्यावरही होते आणि मग नोकरी जातेच, वर गुन्हाही दाखल होतो.

निकालानंतर राज्य मंडळाची गुणपत्रिका संपर्क केंद्रावर मिळते. डिजिलॉकरवरही ती उतरवून घ्या. एखाद-दुसरा विषय राहिला तर पुन्हा सतरा नंबर भरायचा नसतो. पुनर्परीक्षार्थी म्हणून त्याच शाळेतून थेट परीक्षेचा अर्ज जातो, आणि पुरवणी परीक्षेचे अर्ज निकालानंतर थोड्याच दिवसांत सुरू होतात, म्हणून गुणपत्रिका आणायला जाल तेव्हाच त्याची तारीख विचारून या.