‘गावात’ जाण्याआधी

कोथरूडला राहणारी माणसं लक्ष्मी रोडला खरेदीला निघाली की अजूनही म्हणतात, “जरा गावात जाऊन येतो.” पुणं चहूबाजूंनी पसरलं, पण लकडी पुलापलीकडच्या पेठा तेवढ्या ‘गाव’ राहिल्या. नवख्या पाहुण्याला मात्र गावात नेलं की तो हमखास विचारतो, “यात जुनं काय?” प्रश्न रास्त आहे. कारण हे गाव इतक्या वेळा मोडलंय, की जुन्या इमारती शोधत गेलात तर हिरमोड होईल.

पहिला घाव १६३० च्या सुमाराचा. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळलं आणि गाढवाचा नांगर फिरवला. पुढे जिजाबाई बाल शिवाजीला घेऊन इथे आल्या, सोन्याच्या फाळाने जमीन नांगरली गेली, असं परंपरा सांगते. वस्ती पुन्हा धरली ती कसब्यात. कसबा म्हणजे परगण्याचं मुख्य गाव. आजचं शहर त्या एवढ्याशा गावठाणाभोवती वाढलं. कसबा गणपती तेव्हापासून ग्रामदैवत. शाहिस्तेखानावर १६६३ साली छापा पडला तो लाल महाल मात्र केव्हाच गेला. आज दिसतो तो १९८० च्या दशकात बांधलेला. तिकडे फोटो काढणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे ठाऊक नसतं.

पेठांची नावंही अशीच वरून चढलेली. सोमवार पेठ मूळची शहापूर, रविवार मलकापूर, शनिवार मुर्तजाबाद. बुधवार पेठेचं नाव मोहियाबाद होतं. औरंगजेब १७०३ मध्ये पुण्यात मुक्कामाला असताना त्याचा नातू वारला, त्याची ती आठवण. पेशवाईत वारांची नावं पडली आणि वार संपल्यावर माणसांची: सदाशिव, नारायण, नाना, रास्ता.

पेशवे इथे राहायला आले तो काळ गावाच्या भरभराटीचा. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला. दोन वर्षांत वाडा उभा राहिला, खर्च १६,११० रुपये. १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळालं. उरली ती तटबंदी, दरवाजे आणि जोती. माझं मत विचाराल तर वाड्यापेक्षा नानासाहेबाच्या काळातलं पाणी जास्त थक्क करतं. कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या बंदिस्त नळाने पाणी नुसत्या उतारावर शहरातल्या हौदांपर्यंत आणलं होतं. वाटेत नळाला हवा मिळावी म्हणून ठेवलेल्या बांधीव विहिरींना ‘उच्छ्वास’ म्हणतात. हे काम १७५० च्या आसपासचं, आणि यातलं जवळजवळ काहीच पर्यटकाला दिसत नाही.

दिसतात, किंवा ऐकू येतात, त्या आळ्या. राजधानी म्हटल्यावर कारागीर आले, आणि एका धंद्याची घरं एका गल्लीत राहिली: बुरूड आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा. कसब्यातल्या तांबट आळीत शिरण्याआधीच ठोके कानावर येतात. तांब्याचा पत्रा आकाराला आला की त्यावर हातोडीने एकसारख्या टिकल्या उठवत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. ते नुसतं शोभेसाठी नाही, ठोक्यांनी पत्रा कडक होतो. पूर्वी इथून घरोघरी बंब आणि घंगाळी जात, आता त्याच हातांकडून दिव्यांच्या शेड नि पाण्याच्या बाटल्या घडतात. घडवणारा बहुधा जमिनीवरच बसलेला असतो, खरवईच्या, म्हणजे ऐरणीसारख्या लोखंडी दांड्याच्या, टोकावर भांडं फिरवत. बोलतानाही हात थांबत नाही.

१८१७ नंतर इंग्रजांनी आपलं शहर कॅम्पात थाटलं आणि गाव मागे पडलं. शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरणारा भाजीबाजार १८८० च्या दशकात शुक्रवार पेठेतल्या नव्या दगडी इमारतीत हलवला, तिचं नाव रे मार्केट. मंडईवर एवढा पैसा घालण्याला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांचा विरोध होता. आज तीच महात्मा फुले मंडई!

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या शनिवार, नारायण, कसबा पेठांतले कितीतरी वाडे एका दिवसात चिखल झाले. जे वाचले ते पुढे बिल्डरांनी पाडले. गल्ल्यांची वळणं मात्र फारशी बदलली नाहीत, म्हणून तर तिथे अजून रिक्षावाला यायला कुरकुरतो. आता भुयारी मेट्रोचं स्टेशन थेट कसबा पेठेत आहे. तिथून वर आलात की तांबट आळी चालत जाण्याइतकी जवळ.