काळी बुरशी, पण ती नव्हे

2021 साली 'काळी बुरशी' हा शब्द घराघरांत पोहोचला आणि तेव्हापासून आमच्या सोसायटीत कुठे काळं काही उगवलेलं दिसलं की लोक नाकाला रुमाल लावतात. यंदा पार्किंगलगतच्या आंब्याची एक फांदी टोकाकडून वाळत आली आणि सालीवर बारीक काळ्या पुटकुळ्या आल्या. झालं! ग्रुपवर फोटो, 'झाडच काढून टाका'चा आग्रह, आणि एका काकूंनी तर खोडाला लिंबू-मिरची बांधली. मुळात 2021 च्या त्या रोगाची, म्युकरमायकोसिसची, बुरशी काही स्वतः काळी नसते. तिच्यामुळे रक्तपुरवठा तुटतो आणि मेलेला भाग काळा पडतो. आंब्यावरच्या पुटकुळ्या वेगळ्याच घराण्यातल्या. मी ती फांदी छाटून घरी आणली.

भिंगातून पाहिलं तर प्रत्येक पुटकुळी म्हणजे सालीत रुतलेला एक गडू, तोंड तेवढं बाहेर. याला पिक्निडियम म्हणतात. आत नर-मादीचा संबंध नसतो. बुरशी स्वतःच्याच नकला काढत असते. या नकला म्हणजे कोनिडिया, अलैंगिक बीजाणू. याच बुरशीचं लैंगिक रूप निसर्गात क्वचितच सापडतं, त्यामुळे ओळख पटवायची ती या गडूतल्या ऐवजावरून.

डब्यात ओला टिश्यू पेपर, त्यावर फांदीचा तुकडा, वर झाकण. दोन दिवसांनी ब्लेडने एका पुटकुळीचा पातळ काप घेतला, स्लाइडवर पाण्याच्या थेंबात ठेवला, कव्हरस्लिप लावली. चारशेपट मोठं करून पाहिल्यावर घोळ झाला. काही बीजाणू काचेसारखे पारदर्शक, एकाच पेशीचे. काही गडद तपकिरी, मधोमध आडवा पडदा असलेले, दोन पेशींचे. एका गडूत दोन बुरशा?

इटलीतल्या पादुआचे साक्कार्दो यांनी 1882 पासून जगातल्या ज्ञात बुरशांची जंगी सूची छापायला घेतली. अलैंगिक बुरशा त्यांनी बीजाणूचा रंग, आकार आणि पडदे यांवरून कप्प्यांत लावल्या. सोय उत्तम, पण त्या हिशोबाने माझ्या गडूतले पारदर्शक बीजाणू मॅक्रोफोमा नावाच्या कप्प्यात जातात आणि तपकिरी डिप्लोडियाच्या. प्रत्यक्षात ते एकाच घरचे, एक कोवळे आणि एक पिकलेले. ही बुरशी बीजाणू पिकवायला फार वेळ घेते. गडूबाहेर पडल्यावरही ते बराच काळ पारदर्शक राहतात. कैरी आणि आंबा ही दोन वेगळी झाडं समजण्यासारखंच हे.

मग भरवसा कशावर ठेवायचा? कॅनडात काम करणाऱ्या स्टॅनले ह्यूज यांनी 1953 मध्ये एक शोधनिबंध लिहून सांगितलं की बीजाणू दिसतो कसा यापेक्षा तो जन्मतो कसा ते बघा. मला या विषयातलं सगळ्यात आवडतं ते हेच. लिंबावरच्या हिरव्या बुरशीत बीजाणू देणारी पेशी सोऱ्यासारखी असते. तोंड एकाच जागी, त्यातून एकामागून एक मणी बाहेर. हिला फियालाइड म्हणतात. दुसरा प्रकार ॲनेलाइड. इथे पहिला बीजाणू गळून पडला की त्याच्या खुणेतूनच पेशी किंचित वर वाढते आणि पुढचा बीजाणू धरते. तो गळाला की पुन्हा तेच. दर खेपेला मानेवर एक कडं उरतं, मनगटावर बांगड्या चढाव्यात तसं. पेशीची मान नीट दिसली तर कडी मोजून किती बीजाणू जन्मले याचा अंदाज येतो. माझ्या आंब्याच्या बुरशीत पहिला बीजाणू पेशीच्या टोकाशी फुग्यासारखा येतो, पुढचे त्याच खुणेतून, आणि कडी पडलीच तर एखाद-दोन. ती दिसायला हजारपट भिंग, तेलाचा थेंब आणि मानेत कळ येईपर्यंतची चिकाटी लागते. इथवर आलेले वाचक थोडे असतील, चालायचंच.

तर हे सगळं जुळवून बुरशीची प्रजाती (जीनस) ठरते लॅसिओडिप्लोडिया. तिच्यातली सर्वांत प्रसिद्ध जाती (स्पीशीज) थिओब्रोमी, म्हणजे कोकोची. 1892 मध्ये तिचं पहिलं वर्णन इक्वादोरमधल्या कोकोवरून झालं. लैंगिक रूपाला बॉट्रिओस्फेरिया ऱ्होडिना असं दुसरंच नाव चालत असे. 2011 च्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मेलबर्न परिषदेने 'एक बुरशी, एक नाव' ठरवलं आणि 2013 पासून ही दुहेरी नावं बंद झाली. माझ्या फांदीवरची थिओब्रोमीच का, हे मात्र भिंग सांगत नाही. हुबेहूब दिसणाऱ्या अनेक जाती डीएनएवरून वेगळ्या काढल्या गेल्या आहेत. प्रजाती मी छातीठोक सांगीन, जाती नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत वाळवलेल्या बुरशांचा 'अजरेकर' संग्रह आहे. असे नमुने तिथे क्रमांक देऊन जपतात, म्हणजे उद्या कुणी शंका काढली तर फांदीच पुढे करता येते.

झाडाचं म्हणाल तर ही बुरशी धडधाकट आंब्यातही गपचूप राहते आणि झाड पाण्यावाचून त्रासलं की डोकं वर काढते. वाळक्या भागाखालची थोडी हिरवी फांदीही घेऊन छाटायचं, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायची. झाड पाडायचं कारण नाही.

लिंबू-मिरचीवाल्या काकूंना मी मुद्दाम पिकलेला बीजाणू दाखवला. मिलिमीटरभर जागेत असे चाळीसेक ओळीने मावतील. सूक्ष्मदर्शकाचा फोकसचा स्क्रू हळूहळू फिरवला की बीजाणूच्या भिंतीवर उभ्या रेघा उमटतात. ही या प्रजातीची खूण, आणि रेघा भिंतीच्या आतल्या बाजूने साचलेल्या काळ्या रंगद्रव्याच्या असतात.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "हा तर आवळा!"