डेप्युटेशन की लोकल काँट्रॅक्ट: जर्मनीत बसलात, पण नोकरी कुणाची?

जिल्हा परिषदेचा शिक्षक प्रतिनियुक्तीवर पंचायत समितीत गेला, तरी त्याची मूळ शाळा सुटत नाही. बसतो तिकडे, पण आस्थापना इकडची. ही गोष्ट गावाकडे कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. तोच प्रकार हिंजवडीहून म्युनिकला जाताना घडला, की मात्र भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. 'मी जर्मनीला चाललोय' एवढंच घरी सांगितलं जातं. कोणत्या कराराने चाललात, असं विचारलं तर बऱ्याच जणांना कंपनीने दिलेलं लेटर उघडून बघावं लागतं.

बहुराष्ट्रीय कंपनी भारतातला माणूस दोन वाटांनी बाहेर नेते. पहिली डेप्युटेशनची, हिलाच सेकंडमेंट किंवा असाइनमेंटही म्हणतात. यात भारतातल्या कंपनीशी असलेला नोकरीचा करार जिवंत राहतो आणि काम तेवढं परदेशातल्या कंपनीत होतं. दुसरी वाट लोकल काँट्रॅक्टची. इथे भारतातल्या कंपनीचा राजीनामा द्यायचा आणि जर्मन कंपनीचा नवा कर्मचारी म्हणून रुजू व्हायचं. कंपनीचं नाव दोन्हीकडे एकच असतं, टेबल तेच, साहेबही तोच. त्यामुळे राजीनाम्याचा ईमेल ही निव्वळ औपचारिकता वाटते. ती तशी अजिबात नसते.

सगळ्यात मोठा फरक पीएफमध्ये दिसतो. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू आहे. डेप्युटेशनवर जाणाऱ्याने निघण्यापूर्वी कंपनीमार्फत ईपीएफओकडून, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडून, 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' (भारतात पीएफ भरला जात असल्याचा दाखला) घेतलं, तर 48 महिन्यांपर्यंत त्याला जर्मन पेन्शन विमा भरावा लागत नाही. भारतातला पीएफ नेहमीसारखा कापला जातो. लोकल काँट्रॅक्टवाल्याचा पीएफ थांबतो आणि जर्मन पेन्शनची कपात सुरू होते: पगाराच्या 18.6 टक्के, निम्मी त्याच्याकडून, निम्मी कंपनीकडून. तिथली पेन्शन मिळायला किमान 5 वर्षांचा भरणा लागतो, आपल्याकडच्या ईपीएस, म्हणजे पीएफला जोडलेल्या पेन्शनला 10 वर्षांची सेवा. पात्रता ठरवताना दोन्ही देशांतली वर्षं जोडता येतात, ही या करारातली फार मोलाची तरतूद आहे. आरोग्य विमा मात्र या करारात येत नाही. डेप्युटेशनवर जाणाऱ्याने आपला विमा कोण काढणार आणि बायकामुलं त्यात आहेत का, हे विमानात बसण्याआधी विचारून घ्यावं.

अमेरिकेची गोष्ट वेगळी. तिच्याशी भारताचा असा करार लागू नाही. एच-1बी या नोकरीच्या किंवा एल-1 या कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर तिथे काम करणाऱ्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे (तिथल्या सरकारी पेन्शनचे) 6.2 टक्के आणि मेडिकेअरचे (वृद्धांच्या आरोग्य विम्याचे) 1.45 टक्के जातात. निवृत्तिवेतनासाठी भरण्याबद्दल मिळणारी 40 क्रेडिट लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त 4 मिळतात, म्हणजे किमान 10 वर्षं. एल-1पैकी तज्ज्ञांना मिळणाऱ्या एल-1बी व्हिसाची कमाल मुदत आहे 5 वर्षं. मुदत संपली म्हणून परतणाऱ्याचा तो पैसा तिथेच राहतो. हजारो घरांच्या कष्टाचे हे पैसे आहेत आणि हा प्रश्न इतकी वर्षं लोंबकळत ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

पुन्हा जर्मनीकडे येऊ, कारण तिथे व्हिसासुद्धा कराराप्रमाणे बदलतो. डेप्युटेशनवाल्या मॅनेजरला किंवा तज्ज्ञाला आयसीटी कार्ड, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीचा परवाना मिळतो, जास्तीत जास्त 3 वर्षांचा. काम संपल्यावर त्याला परत सामावून घेतलं जाईल, हे त्यासाठी कागदावर दाखवावं लागतं. लोकल काँट्रॅक्टवाल्याला ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा नोकरी-वास्तव्य परवाना मिळू शकतो. त्यावर 27 महिने काम केलं, पेन्शनचा भरणा केला आणि ए1 (अगदी प्राथमिक) पातळीचं जर्मन आलं, तर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. बी1 (मध्यम) पातळी गाठली तर 21 महिन्यांतच. म्हणून तिकडेच स्थिरावायचं मनात असेल आणि कंपनी मोठ्या कौतुकाने डेप्युटेशन देत असेल, तर जरा थांबा. भत्ते छान दिसतात, पण त्या काळात ब्लू कार्डचे महिने मोजले जात नाहीत.

नोकरीवर गदा आली तर काय, हेही आधीच बघायला हवं. लोकल कर्मचाऱ्याला 6 महिन्यांनंतर, 10 पेक्षा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, जर्मन कायद्याचं संरक्षण मिळतं. सबळ कारणाशिवाय काढता येत नाही. पुरेसा बेकारी विमा भरलेला असेल तर बेकारी भत्ता निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मूल असेल तर 67. डेप्युटेशनवाल्याचं काम संपलं तर त्याला पुण्याला परत बोलावतात. नोकरी टिकते, पण मुलांची शाळा वर्षाच्या मधेच सुटते.

आयकराचा नियम थोडक्यात. वर्षात 183 दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल आणि पगाराचा बोजा जर्मन कंपनीवर पडत नसेल, तर तिथे कर लागत नाही. भारतातल्या कंपनीने तो पगार जर्मन कंपनीकडून वसूल केला, की ही सवलत सहसा जाते.

'खरा मालक कोण' हा प्रश्न न्यायालयांनाही सोपा जात नाही. नॉर्दर्न ऑपरेटिंग सिस्टिम्स या बंगळुरूच्या कंपनीकडे तिच्याच समूहातल्या परदेशी कंपन्यांची माणसं सेकंडमेंटवर आली होती. ही माणसं आता आमचीच कर्मचारी आहेत, असं कंपनीचं म्हणणं होतं. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. रोजचं काम भारतीय कंपनी सांगत होती हे खरं, पण पगार परदेशी कंपनीच्या वेतनपटावरून निघत होता आणि मुदत संपल्यावर माणसं तिकडेच परतणार होती. म्हणून हा मनुष्यबळ पुरवठा ठरला आणि त्यावर सेवाकर लागला. न्यायालयाने कागदावरच्या शब्दांपलीकडे जाऊन पाहिलं. आपणही आपलं लेटर तसंच वाचावं: पगार कोण देतं, कामावरून कोण काढू शकतं, परत कुठे जायचं.

आता ग्रॅच्युइटी. समजा, एका टेस्ट इंजिनिअरची पुण्यातल्या कंपनीत 4 वर्षं 2 महिने झाली आहेत. डेप्युटेशनवर गेली तर तिची सेवा अखंड राहते. जर्मनीत बसूनच 5 वर्षं पूर्ण होतात आणि ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. लोकल काँट्रॅक्टसाठी तिने राजीनामा दिला, तर दरवर्षीच्या 15 दिवसांच्या वेतनाच्या हिशोबाने जमत आलेली रक्कम 10 महिने कमी पडल्यामुळे हातची जाते. हे एचआरने आपणहून सांगायला हवं, पण अनेकदा सांगितलं जात नाही. अशा वेळी रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून मागावी, नाहीतर तेवढी रक्कम जॉइनिंग बोनसमध्ये धरायला लावावी. आणि डेप्युटेशनवर जाणाऱ्याने परतल्यावरचं पद, श्रेणी आणि पगारवाढीचा हिशोब लेटरमध्ये लिहून घ्यावा. ज्या साहेबाने शब्द दिला, तो तीन वर्षांनी त्याच खुर्चीत असेलच असं नाही.