सोनखत आणि एसटीपीचा गाळ

मे महिन्यात शेजारच्या काकांच्या माडाच्या वाडीत टेम्पोभर खत येऊन पडलं. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास. काकांनी मूठभर घेऊन तळव्यावर चोळलं आणि निर्वाळा दिला, "ह्यां सोनखतच मां!"

नव्हतं. तो शहरातल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा, म्हणजे एसटीपीचा, वाळवलेला गाळ होता. बोटांना फरक कळत नाही, तो कळायला गटाराच्या उगमाशी जावं लागतं.

सोनखत म्हणजे माणसाचा मैला, राख-माती घालून चरात कुजवलेला. (हे 'सोनं' कुणाच्या डोक्यावरून वाहिलं जायचं, ते विसरून त्याची थोरवी गाऊ नये.) त्यात जस्त, तांबं असतं, पण खाल्लेल्या अन्नातून येईल तेवढंच.

शहरातल्या गटाराला नुसते संडास जोडलेले नसतात. गॅरेज, सोनाराचं दुकान, मुलामा चढवणारा, दाताचा दवाखाना, जस्त चढवलेले गंजके जीआय पाइप सगळे त्यातच. कोकणातल्या पावसात पत्र्यांवरचं जस्तही धुऊन गटारात येतं. केंद्रातले जिवाणू सेंद्रिय घाण फस्त करतात, धातू मात्र त्यांना पचत नाहीत. शिसं, तांबं, जस्त, कॅडमियम त्यांच्या पुंजक्यांना चिकटून तळाशी बसतात. निकेल बरंचसं पाण्याबरोबर निसटतं. म्हणजे पाणी निवळतं ते गाळाच्या जिवावर.

"पण कुजवलंय ना?" असं कुणी म्हणेल. कुजवताना ढीग तापतो, जंतू मरतात, हे खरं. पण सुका ऐवज निम्म्यावर आला, तर किलोमागे धातू दुप्पट. जितकं कुजेल तितकं चांगलं, हा सोनखताचा हिशोब इथे उलटा पडतो.

आपल्याकडे त्यात जांभ्याची माती. ती आम्लधर्मी, आणि आम्ल मातीत कॅडमियम, जस्त मोकळे सुटतात. भातखाचरात पाणी उभं असतं तोवर कॅडमियम गंधकाशी बांधलेलं राहतं. पाऊस सरता सरता, दाणा भरत असताना खाचर सुकलं की ते सुटतं आणि भात ते ओढतो. जपानमध्ये जिंत्सू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम असंच भातातून लोकांच्या पोटात गेलं आणि हाडं ठिसूळ झाली. इताई-इताई या रोगाचं हे कारण तिथल्या सरकारनं १९६८ साली मान्य केलं. तिथे प्रमाण फार मोठं होतं, गाळाच्या एका टेम्पोनं तसं होत नाही. तरी माडाच्या आळ्यात घालणं वेगळं आणि खाचरात घालणं वेगळं.

लोटे किंवा महाडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी केंद्राचा रासायनिक गाळ तर या तुलनेतच नको. तो घातक कचरा. त्याची जागा तळोज्यासारख्या बंदिस्त भरावात, वाडीत नव्हे.

शहरी कंपोस्टला खत नियंत्रण आदेश, १९८५ च्या मर्यादा आहेत. किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, निकेल ५०, शिसं १००, जस्त १०००. टेम्पोवाल्याला विचारलं, तपासणीचा कागद आहे का? तो हसला. "खताला कसला कागद?"

ढीग अजून ताडपत्रीखाली आहे, आळ्यांपासून चार हात लांब.