मुडदूस वेगळा, ओआय वेगळा

लेकराचं हाड वर्षात दुसऱ्यांदा मोडलं की घरचे, शेजारचे, फार्मसीतला माणूसही एकच सांगतो: ‘कॅल्शियम कमी पडतंय.’ गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत हेच ऐकून मी थकले आहे.

मुडदूस सगळ्यांना ठाऊक आहे. वाकलेले पाय, रुंद मनगटं, फासळ्यांवर माळेसारख्या गाठी. ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मिळालं की बहुतेक मुलं काही महिन्यांत सावरतात. त्यावर आणखी काय लिहायचं?

घोळ होतो तो ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे ओआय या ठिसूळ हाडांच्या जन्मजात आजाराबाबत. घराचा स्लॅब डोळ्यांसमोर आणा. मुडदुसात लोखंडी सळ्या धड असतात, पण काँक्रीट पुरतं भरलेलं नसतं. हाड मऊ राहून वाकतं. ओआयमध्ये सळ्याच कच्च्या. हाडाला चिवटपणा देणारं कोलाजेन जनुकातल्या दोषामुळे जन्मापासून कमी किंवा सदोष बनतं. अशा स्लॅबवर सिमेंट कितीही ओता, तो तडकणारच. म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या संपतात आणि प्लास्टरं चालूच राहतात.

मुडदुसात रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज हे हाडांशी निगडित एन्झाइम चढतं, एक्स-रेत हाडांची वाढती टोकं वाटीसारखी पसरट नि झिरझिरीत दिसतात. ओआयमध्ये कॅल्शियम, फॉस्फरस सहसा ठीक येतात. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर असतो, पण सगळ्यांचा नाही. ‘डोळे पांढरे आहेत, मग ओआय नाही’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो.

ओआयचे उपचारही वेगळे: शिरेतून पामिड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट ही हाडांची झीज कमी करणारी औषधं, वारंवार मोडणाऱ्या हाडांत मुलाच्या वाढीबरोबर लांबणारे रॉड, फिजिओथेरपी. प्लास्टर गरजेपुरतंच, कारण हालचाल थांबली की हाड आणखी अशक्त होतं. हीच शिरेतली औषधं ‘ड’ची कमतरता न भरता दिली, तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक घसरू शकतं. तेव्हा अंदाजाने काही सुरू करू नका. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, बालरोग आणि अस्थिरोग दोन्ही विभाग आहेत, तिथे दाखवा.

आणि ओआयचं बाळ न्हाऊ घालणाऱ्या बाईकडे रगडायला देऊ नका, ती कितीही अनुभवी असली तरी. हात-पाय ओढायचे नाहीत, घोटे धरून लंगोट बदलायचा नाही, काखेत धरून उचलायचं नाही. एक पसरलेला तळवा ढुंगणाखाली, दुसरा मान आणि खांद्यांखाली, मग सावकाश उचला.