एसक्यूलाइट फक्त सरावापुरता नाही

वेबसाइटला मायएसक्यूएलसारखा वेगळा डेटाबेस सर्व्हर लागतोच, सर्व्हरशिवाय एका फाइलमध्ये चालणारा एसक्यूलाइट फक्त सरावापुरता, असं नवशिक्यांना वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे चूक आहे. २००० साली रिचर्ड हिप यांनी आणलेला हा डेटाबेस अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये असतो. त्याची स्वतःची वेबसाइटही त्यावरच चालते.

पिनकोड टाकून पोस्ट ऑफिस शोधायचं पान घ्या. इथे सगळे फक्त वाचतात, आणि एकाच वेळी अनेकांनी वाचायला एसक्यूलाइटची काहीच हरकत नसते. मर्यादा आहे ती लिहिण्यावर: एका वेळी एकच जण. सतत नोंदी करणारे शेकडो असतील तर खुशाल पोस्टग्रेससारखा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस घ्या.

शोध मंदावला की लोक डेटाबेसला दोष देतात. बहुतेकदा इंडेक्सच (पुस्तकामागच्या सूचीसारखी, नोंद पटकन शोधायची यादी) दिलेला नसतो, म्हणून दरवेळी सगळं टेबल चाळलं जातं. मात्र पिनकोडला प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख, करू नका. एकाच पिनकोडखाली अनेक पोस्ट ऑफिसं असतात. त्याला साधा इंडेक्स द्या.